रामटेकचा वराह

भंडाऱ्याकडील मंडळी रामटेकास गेली म्हणजे तेथील प्रचंड पाषाणवराहाच्या पोटाखालून सरपटत पार होण्याची हौस पुष्कळांस असते. पापी मनुष्य मध्येच अडकतो, अशी समजूत! ही मूर्ती पाचव्या शतकातील, वाकाटककालीन. दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता हिने पतिनिधनानंतर या राज्याचा कारभार सांभाळिला. तिचा ऋद्धपूर ताम्रपट रामगिरिस्वामीच्या, म्हणजे याच गडावरील देवाच्या, चरणांपाशी दिलेला आहे. वराहावतार बुडत्या पृथ्वीस वर काढणारा. पापी निवडून काढणे हे त्याचे कार्य नव्हे. म्हणून वाचकहो, घरची एखादी स्थूल लेक-सून तेथे अडकली तर तिला हसू नये. तेथे माप होते ते देहाचे, पापाचे नव्हे, असे आमचे मत आहे.