बार्शी लाइट पुन्हा मांडायला हवी

इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमध्ये ह्यूम एंड नावाचं आडगाव आहे. ‘लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाइट रेल्वे’ ही सव्वाआठ मैलांची नॅरोगेज लाइन तिथे संपत असे. २७ जून १९०४ रोजी ती सुरू झाली आणि १२ मार्च १९३४ रोजी बंद झाली. पुढे रूळ उखडले गेले आणि १९३७ मध्ये त्याच मार्गावर पायी फिरणाऱ्यांसाठी वाट झाली. दोन इंजिनं आणि प्रवाशांचे चार डबे एवढ्यावर या लाइनने आपलं आयुष्य काढलं. तरीही ह्यूम एंडचं यार्ड कसं चालायचं, हे मी आज तपशिलात सांगू शकते, कारण ते चालताना मी पाहिलं आहे. डर्बीला मुलीकडे गेले असताना एका शाळेच्या हॉलमध्ये मॉडेल रेल्वेचं प्रदर्शन होतं. तिथे एका निवृत्त गृहस्थांनी हे अख्खं स्टेशन टेबलावर उभं केलं होतं.

मी बार्शीची. वडील कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. ह्यूम एंडपेक्षा कितीतरी मोठं यार्ड मी लहानपणी रोज पाहिलं आहे. पण ते कसं चालायचं हे नातवंडांना दाखवायचं म्हटलं, तर आज दाखवण्यासारखं काहीही उरलेलं नाही. हे बदलता येईल आणि बदलायला हवं.

त्या टेबलापुढे माझा पाय अडला, त्याला कारण होतं. मॅनिफोल्डची लाइन आणि आमची बार्शी लाइट रेल्वे एकाच माणसाने घडवलेल्या. एव्हरर्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर जीआयपी रेल्वेत नोकरीला आला आणि बार्शीच्या बाजारपेठेतलं धान्य, कापूस नि पंढरीचे वारकरी पाहून इथे छोटी लाइन चालेल असं त्याने ठरवलं. रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. इंजिन असो की मालडबा, कुठल्याही ॲक्सलवर पाच टनांपेक्षा जास्त भार नाही. भार असा सगळ्या चाकांवर सारखा वाटला की हलक्या, स्वस्त रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो, हा त्याचा हिशोब. बार्शीचे डबे आणि इंजिन इकडे पाठवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे त्याने ते चालवून दाखवले. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली.

बार्शीत हात बसल्यावर कॅलथ्रॉपने मॅनिफोल्डच्या खोऱ्यातली लाइन केली. तिची दोन्ही इंजिनं, बार्शीच्या पहिल्या इंजिनांप्रमाणेच, लीड्सच्या किटसन कंपनीची. म्हणून त्या इंग्रजी खेड्याच्या स्टेशनात भलामोठा हेडलाइट लावलेलं इंजिन आणि दोन्ही टोकांना उघडा सज्जा असलेले पिवळे डबे उभे दिसत होते. आसपासचे इंग्रज प्रेक्षक ते डबे नवलाने न्याहाळत होते. मला त्यात नवं काही नव्हतं.

आता त्या लेआउटबद्दल, म्हणजे टेबलावरच्या मांडणीबद्दल. प्रमाण एका फुटाला सात मिलिमीटर. या प्रमाणात अडीच फुटांचे रूळ साडेसतरा मिलिमीटर अंतरावर येतात. दुकानात साडेसोळाचे तयार रूळ मिळतात आणि बरेच हौशी लोक तेच वापरतात. दिसायला फरक फारसा कळत नाही. पण खऱ्या मापात तो सुमारे ४४ मिलिमीटर पडतो, आणि त्या गृहस्थांना तो चालणार नव्हता. त्यांनी लाकडी पट्ट्या कापून एकेक स्लीपर तयार केला, रूळ हाताने बसवले, सांधे स्वतः घडवले. इंजिनशेडच्या पत्र्याची पन्हळी, बुकिंग ऑफिसच्या फळ्या, पाण्याची टाकी, सगळं जुन्या नकाशांवरून आणि फोटोंवरून मोजून केलेलं. फोटोत न दिसणाऱ्या बाजूंसाठी ते प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाया मोजून आले होते.

त्या यार्डात एक तुटका रूळमार्ग होता. चारही बाजूंना नॅरोगेज आणि मधेच मोठ्या गेजचे थोडेसे रूळ, कशालाही न जोडलेले. त्याचं काय काम, हे मी विचारलं. उत्तर न देता त्यांनी गाडीच सोडली. इंजिनामागे एक बुटकी, लांब वाहक गाडी होती आणि तिच्या पाठीवर मोठ्या गेजचा पूर्ण मालडबा बसलेला. वॉटरहाउसेस स्टेशनात तो तसाच वर चढवला जायचा, त्यातला माल उतरवायचा नाही. ह्यूम एंडला वाहक गाडी त्या तुटक्या रुळांना टेकवायची, अडकवण्या सोडवायच्या आणि मालडबा समोरच्या रुळांवर ढकलून द्यायचा. वाहक गाडी लगेच मोकळी. शेतकऱ्याने डबा सवडीने भरावा किंवा रिकामा करावा. ब्रिटनमध्ये ही सोय सर्वात आधी या लाइनवर झाली. एक्टनच्या डेअरीचं दूधही असंच थेट पुढे जात असे.

मी हे सारं पुस्तकात वाचलं असतं तर एका वाक्यात विसरून गेले असते. डबा उतरताना पाहिला आणि त्याच क्षणी मला कुर्डुवाडीचा ट्रान्सशिपमेंटचा फलाट आठवला. आमच्याकडे एका बाजूला ब्रॉडगेजची वॅगन, दुसऱ्या बाजूला छोट्या गाडीची, आणि मधून पाठीवर पोती घेतलेले हमाल. वडील म्हणत, कुर्डुवाडीतली निम्मी घरं या फलाटावर जेवतात. कॅलथ्रॉपने पुढे इंग्लंडमध्ये जो प्रश्न वाहक गाडीने सोडवला, तो आमच्याकडे माणसांच्या पाठीने सोडवला. दोन देशांतल्या मजुरीतला आणि मालातला फरक मला त्या टेबलावरच्या काही मिनिटांनी समजावून दिला.

खऱ्या लाइनवर बेतलेल्या लेआउटची ताकद ही अशी. चौथऱ्यावर ठेवलेलं इंजिन यंत्र दाखवतं, पण यंत्राभोवतीचं काम दाखवत नाही. इंजिन पाणी कुठे घ्यायचं, सांधेवाला कुठे उभा राहायचा, गाडी वळवायला किती जागा लागायची, दूध वेळेत निघावं म्हणून कुठली गाडी आधी सोडायची, हे सगळं यार्डाच्या मांडणीत असतं. ती मांडणी हुबेहूब करायची तर करणाऱ्याला प्रत्येक वस्तूचं कारण शोधावंच लागतं. कल्पनेतलं स्टेशन बांधणारा अडला की मनाने काहीतरी बसवू शकतो. खरं स्टेशन बांधणाऱ्याला ती मुभा नाही. त्याला म्हाताऱ्या पॉइंट्समनचं घर शोधत जावं लागतं. लेआउट पुरा होईपर्यंत त्याच्याकडे जी माहिती गोळा होते, ती बहुतेक वेळा कुठल्याच दप्तरात नसते.

हे कसब आपल्याकडे नाही असं कुणी म्हणू नये. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. तिथलं शहर कल्पनेतलं आहे, पण गाड्या, सिग्नल आणि त्यांचं वेळापत्रक एकमेकांशी बांधण्याचं काम पाहून मी थक्क झाले होते. हात आपल्याकडे आहेत. ते आपल्या एखाद्या खऱ्या लाइनकडे वळवायचे आहेत.

बार्शी लाइट मोडली याचं मला दुःख नाही, हे स्पष्ट सांगते. छोटी गाडी रामलिंगचा घाट चढायची तेव्हा पोरं मजेत असत, पण लातूरच्या व्यापाऱ्याचा जीव टांगणीला लागे. १९५४ मध्ये ही रेल्वे सरकारकडे आली आणि या शतकाच्या सुरुवातीपासून टप्प्याटप्प्याने सारी लाइन ब्रॉडगेज झाली. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर तहानेने व्याकूळ असताना मिरजेहून ‘जलदूत’ गाडी पाणी घेऊन निघाली, ती पंढरपूर, कुर्डुवाडीवरूनच लातूरला पोचली. छोट्या गाडीला हे झेपलं नसतं. ब्रॉडगेज हवीच होती. पण गेज बदलताना जुनी यार्डं, सांधे, वळणं गेली, काही ठिकाणी मार्गच बदलला, आणि ते सारं कसं चालायचं याची नोंद मागे राहील याची काळजी कुणी घेतली नाही.

ती नोंद अजून करता येईल. सव्वातीनशे किलोमीटरची सगळी लाइन मांडायची गरज नाही. एक स्टेशन घ्यावं आणि एक दिवस घ्यावा. माझं मत पंढरपूरला, तेही आषाढी दशमीला. त्या दिवशी नेहमीचे डबे पुरत नसत. मालडब्यांतून वारकरी यायचे, एकामागून एक स्पेशल गाड्या लागायच्या आणि छोट्या यार्डाची खरी परीक्षा व्हायची. माझी आजी अशाच एका मालडब्यातून, डोक्यावर तुळस घेऊन, उभ्याने पंढरीला गेली होती. त्या दिवशीच्या गाड्या कुठे उभ्या केल्या, रिकामे डबे कुठे नेले, इंजिनं पाण्याला कधी गेली, हे मांडता आलं तर वारीच्या इतिहासाचं एक पान हाती लागेल.

हे काम सोलापूर, पंढरपूर, बार्शीच्या पॉलिटेक्निक आणि इंजिनिअरिंग कॉलेजांनी घ्यावं. ड्रॉइंगच्या विद्यार्थ्याला काल्पनिक पूल काढायला लावण्यापेक्षा पाडलेल्या स्टेशनाचा नकाशा पुन्हा जुळवायला लावा. सर्व्हेच्या मुलांनी जुन्या मार्गाचे भराव आणि मोऱ्या जिथे शिल्लक आहेत तिथे जाऊन मापं घ्यावीत. मेकॅनिकलच्या मुलांनी डबे करावेत. रेल्वेने जुने यार्ड प्लॅन आणि वर्किंग टाइमटेबल पाहू द्यावेत. तयार झालेला लेआउट पंढरपुरात, वारकऱ्यांना जाता-येता दिसेल अशा जागी ठेवावा. पोरांचं खेळणं म्हणून या कामाची संभावना होईल. करणाऱ्यांनी तिकडे लक्ष देऊ नये.

घाई एकाच गोष्टीची आहे. छोट्या गाडीवर वाफेच्या काळात काम केलेले ड्रायव्हर, फायरमन, गार्ड आणि वर्कशॉपमधले फिटर आता फार थोडे उरलेत, आणि उरलेले थकलेत. कॉलेजच्या मंजुऱ्या येतील तेव्हा येतील. तोवर कुर्डुवाडी, बार्शी, पंढरपूर, लातूर, मिरज इथल्या ज्या घरांत असा माणूस आहे, तिथल्या मुला-नातवंडांनी त्याच्यासमोर कोरा कागद ठेवावा, यार्ड काढायला सांगावं आणि बोलणं फोनवर रेकॉर्ड करावं. आणि ज्यांच्या ट्रंकेत जुनं वेळापत्रक, ड्युटीची वही किंवा फलाटावरचा एखादा फोटो पडून असेल, त्यांनी ते यंदाच्या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला देऊ नये.