मी तिकीट काढलंय, जबाब द्यायला आलो नाही

मी सिनेमाचा अभ्यासक वगैरे नाही. शुक्रवारी रात्री ऑफिसचा लॅपटॉप मिटला की घरी काहीतरी लावणारा आणि दोनेक महिन्यांतून एकदा थिएटर गाठणारा माणूस. माहुलहून सिनेमाला जायचं म्हणजे चेंबूर, नाहीतर घाटकोपर. अम्मी, बायको आणि मी, तिघांची तिकिटं, रिक्षा आणि सोन्याच्या भावाचे पॉपकॉर्न धरले तर मत देण्याचा अधिकार मी रोख पैसे मोजून मिळवलाय.

अलीकडे पाहिलेल्यांत 'होमबाउंड' सगळ्यात वर. पोलीस भरतीची स्वप्नं बघणारे दोन मित्र, शोएब आणि चंदन, एक मुसलमान, एक दलित. लॉकडाऊनमध्ये गावाकडे निघालेले. सगळे त्या रस्त्यावरच्या प्रसंगांबद्दल बोलतात. मला मात्र आधीचा एक प्रसंग लागला. साहेबांच्या घरी भारत-पाकिस्तान मॅच बघायला सगळा स्टाफ जमलाय आणि शोएबवर हसत हसत टोमणे सुरू होतात. कोणी शिवी देत नाही, कोणी हात उचलत नाही. माझ्या पहिल्या नोकरीत मॅचच्या दिवशी एक जण हटकून विचारायचा, "काय मग, आज कोणाकडून?" मीही हसायचो, आणि विकेट पडली की बाकीच्यांपेक्षा थोडं जास्तच मोठ्याने ओरडायचो. दिग्दर्शक नीरज घायवान स्वतः इंजिनिअरिंग करून, नोकरी सोडून सिनेमात आलेला. ऑफिसातलं हे हसणं त्याने नीट ऐकलेलं असणार. आणि हा शोएब बिचारा, सोशिक वगैरे नाही. तो चिडतो. घरचे दुबईला जा म्हणतात तर त्याला आपलं गाव सोडायचं नाही.

आता 'छावा'. हा चित्रपट मी फेब्रुवारी 2025 मध्ये भरलेल्या थिएटरात पाहिला. विकी कौशलने जीव ओतून काम केलंय, अक्षय खन्नाचा औरंगजेब थंड आणि भेदक आहे. 1689 साली संभाजी महाराजांचे जे हाल झाले ते बघताना अम्मीने डोळ्यांना पदर लावला होता. महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या कुणालाही हा इतिहास परका नाही, मलाही नाही. शिवरायांच्या आरमारात दौलतखान होता, हे मी चौथीच्या वयापासून ऐकत आलोय. असे चेहरे या लाटेतल्या सिनेमांत मला शोधावे लागतात, ही तक्रार आहेच. पण खरी अडचण थिएटरच्या बाहेर आल्यावर सुरू होते.

चित्रपटात फितुरी दाखवली म्हणून शिर्के घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी त्यांची माफी मागितली. बरोबरच केलं. सव्वातीनशे वर्षांपूर्वी कुणी काय केलं त्याचा हिशेब आजच्या शिर्क्यांकडे कशाला मागायचा? मग तोच न्याय नागपूरच्या, मालेगावच्या, आमच्या चेंबूरच्या पोरांना का नाही? त्यांचं तर औरंगजेबाशी आडनावाचंही नातं नाही. 17 मार्च 2025 ला नागपुरात दंगल पेटली, एकाचा जीव गेला, आणि मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितलं की 'छावा'मुळे औरंगजेबाविषयी लोकांच्या भावना भडकल्या. सिनेमाने दंगल घडवली असं मी म्हणणार नाही, दंगल करणारी माणसं असतात. पण त्या आठवड्यात ऑफिसच्या ग्रुपवर जे फॉरवर्ड येत होते, ते वाचताना मॅचच्या दिवसासारखंच वाटत होतं.

आपल्या पोरांशीही थोडं भांडायचंय. 'हक' आला तेव्हा माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी तो न बघताच "आपल्याविरुद्धचा" म्हणून बाजूला ठेवला. बघा तो. शाहबानो प्रकरणावरून घेतलेली गोष्ट आहे. इमरान हाश्मीचा अब्बास वकील आहे, बायकोला पोटगी द्यायची नाही म्हणून धर्माचा आडोसा घेतो. त्याच्या वागण्याचं उत्तर त्यालाच द्यावं लागतं, साऱ्या जमातीला नाही. मग आपण त्याचं वकीलपत्र कशाला घ्यायचं? माझी नाराजी वेगळीच आहे. खरी शाहबानो तरुण नव्हती. तलाक झाला तेव्हा ती साठीच्या पुढे होती, संसाराला चाळीसहून जास्त वर्षं झालेली. इंदूरच्या कोर्टाने तिला महिना 25 रुपये मंजूर केले, हायकोर्टाने ते 179 रुपये 20 पैसे केले, आणि नवरा तेवढ्यासाठी सुप्रीम कोर्टात गेला. 1985 चा निकाल त्या रकमेवरचा होता. यामी गौतमने काम छान केलंय, पण पडद्यावर म्हातारी बाई दिसली असती तर ते 179 रुपये जास्त टोचले असते. आणि हा प्रश्न कोणी बाहेरून आणून आपल्यावर लादला असंही समजू नका. 1966 साली हमीद दलवाईंबरोबर सात मुस्लिम बायका मुंबईत मोर्चा घेऊन निघाल्या होत्या. तेव्हा शाहबानोचं नाव कोणाला माहीतही नव्हतं.

पायल कपाडियाचा 'ऑल वी इमॅजिन अॅज लाइट' बायकोच्या आग्रहाने पाहिला. फार संथ आहे, मध्ये मला डुलकीही लागली. पण छाया कदमची पार्वती बघताना झोप उडाली. बिल्डर खोली पाडणार, आणि बावीस वर्षं राहिल्याचा एक कागद तिच्याकडे नाही. तानसा पाइपलाइनलगतच्या पाडलेल्या झोपड्यांतून माहुलला आणून टाकलेली माणसं मी रोज बघतो. फोटोफ्रेमपेक्षा कागदांची पिशवी आधी उचलणारी. या रिफायनरीच्या धुरात कुणाला राहायला भाग पाडू नका, असं हायकोर्टाला 2019 मध्ये सांगावं लागलं. त्या इमारतींत शेख आणि कांबळे एकाच जिन्यावर खोकतात. याच सिनेमात अनूचा प्रियकर शियाझ मुसलमान आहे. तो प्रेमात पडलेला, जागा मिळत नाही म्हणून वैतागलेला पोरगा आहे, बस्स.

छाया कदम 'सैराट'मध्येही होती, पळून आलेल्या दोघांना आसरा देणारी. त्यामुळे तो पुन्हा लावला. अर्ची-परश्या सगळ्यांना पाठ आहेत, मी या वेळी सल्याकडे बघत होतो. सलीम शेख. करमाळ्याकडची मराठी बोलतो, दोस्तासाठी मार खातो. तो मुसलमान आहे हे कळतं आणि सिनेमा पुढे जातो. नागराज मंजुळेला त्याच्या तोंडी देशप्रेमाचा एकही संवाद घालावा लागला नाही. 2016 चा सिनेमा. त्यानंतर मोठ्या मराठी चित्रपटांत असे किती सल्या आले, ते मी आणि बायको जेवताना बोटांवर मोजत होतो. एक हातही पुरा झाला नाही. तुम्हाला आठवत असतील तर कळवा, पुढच्या शुक्रवारी लावतो.