वशिल्यावाचूनचे शहर

नोकरीनिमित्त जर्मनीतील स्टुटगार्टला जाऊन राहिलेली आपली मंडळी दिवाळीच्या रजेत पुण्यास आली, म्हणजे त्यांच्या तोंडून एक तक्रार हटकून ऐकू येते: पगार चांगला, रस्ते चांगले, थंडीचीही सवय होते, परंतु तेथील कागदांनी जीव नकोसा होतो. घर बदलल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरदप्तरी नोंद करा, तिच्यासाठी घरमालकाच्या सहीचा दाखला आणा, घरात रेडिओ नसला तरी घरटी १८.३६ युरो मासिक रेडिओशुल्क भरा, जिना झाडण्याची पाळी सांभाळा, रविवारी काचेच्या बाटल्या टाकू नका. आणि इतके करूनही शेजारी दोन शब्द बोलेल तर शपथ! यावर उपाय सांगितला जातो तो असा, की ही सारी यातायात कंपनीने नेमलेल्या माणसावर सोपवावी, इंग्रजीवर वेळ मारून न्यावी, आणि उरलेले आयुष्य आपल्या माणसांत काढावे. स्टुटगार्ट ही १९६८ पासून मुंबईची भगिनीनगरी, आणि चाकणला मोटारी जुळवणाऱ्या मर्सिडीज-बेंझचे मूळ ठाणेही तेथेच; त्यामुळे हा उपदेश घेऊन जाणाऱ्यांची संख्या लहान नाही. मला हा पूर्वपक्ष मुळापासून चुकीचा वाटतो.

परक्या शहरात माणसाजवळ पैसा असू शकतो, विद्या असू शकते. नसते ती ओळख. आपल्याकडे भाड्याची खोली, मुलाचा शाळाप्रवेश, इस्पितळातील खाट, यांपैकी काय ओळखीवाचून सुखाने मिळते? ज्याला ओळख आहे त्याला नियम जाचक वाटतो, कारण नियमामुळे त्याची सवलत जाते. परंतु ज्याला कोणीच ओळखत नाही, त्याच्या बाजूने बोलणारा त्या शहरात दुसरा कोण असतो? भाडेपट्ट्याचेच पाहा. अनामत रक्कम तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून, म्हणजे ऊब-पाण्याचा खर्च वगळून राहणाऱ्या भाड्याहून, अधिक मागता येत नाही. ती तीन समान मासिक हप्त्यांत भरण्याचा हक्क कुळाला आहे. मालकाने ती स्वतःच्या मालमत्तेपासून अलग ठेवावयाची असते. कुळाला घर सोडावयाचे तर सामान्यतः तीन महिन्यांची सूचना पुरते. मालकाला मात्र ते सोडवून घेण्यासाठी कायद्यास मान्य असे कारण दाखवावे लागते, आणि कुळाची वहिवाट पाच वर्षांची झाली असेल तर सूचनेची मुदत सहा महिन्यांवर, आठ वर्षांची झाली असेल तर नऊ महिन्यांवर जाते. आता ज्या गृहस्थाने हा दस्तऐवज न वाचता दलालाने दाखवलेल्या जागी सही ठोकली, सगळी अनामत एकरकमी मोजली, आणि घरात शिरल्यावर स्वयंपाकघरात ओटाही नाही नि मोरीही नाही हे पाहून कपाळाला हात लावला, त्याला कागदाने छळले की कागद न वाचण्याने?

इंग्रजी पुरते, हे म्हणणे कचेरीतील टेबलापुरते खरे आहे. परंतु सरकारी कामकाजाची भाषा कायद्यानेच जर्मन ठरलेली असल्यामुळे कराचा क्रमांक, विम्याचा हिशेब, वीजकंपनीची वाढीव मागणी, हे सर्व टपालपेटीत जर्मनमध्येच येऊन पडते. आणि तेही पेटीवर व घंटेवर आपले आडनाव लावलेले असेल तरच, कारण तेथील पुष्कळ इमारतींत बिऱ्हाडांना क्रमांकच नसतात आणि टपालवाला नाव पाहून टपाल टाकतो. भाषावर्गात प्रथम उपाहारगृहात कॉफी कशी मागावी हे शिकवतात. कॉफी खुणेनेही मिळते. परक्याने आधी पत्र वाचावयास शिकावे, बोलणे मागाहून आले तरी चालेल.

आता जिन्याच्या पाळीकडे वळू, कारण सर्वांत अधिक टवाळी तिचीच होते. ‘केअरवोखे’ म्हणून ओळखली जाणारी ही स्टुटगार्टभोवतीच्या श्वाबेन मुलखाची रीत: धाकटी पाळी म्हणजे आपल्या मजल्यापुढचा जिना, थोरली म्हणजे पदपथ, तळघर, अंगण, ज्याची पाळी त्याच्या दारावर एक पाटी लटकते आणि आठवड्याअखेर ती पुढच्या दारी जाते. येथे मला पूर्वपक्षाच्या अगदी उलट टोकाला उभ्या असलेल्या भक्तमंडळींचाही समाचार घेतला पाहिजे, ज्यांना वाटते की शिस्त जर्मनांच्या रक्तातच आहे. रक्तात असती, तर दारचा उकिरडा ठरल्या मुदतीत गावाबाहेर नेण्याची ताकीद स्टुटगार्टकरांना १४९२ च्या नगरविधीतून देण्याचे, आणि पुन्हा १७१४ मध्ये गल्ल्या स्वच्छ राखण्याचे फर्मान काढण्याचे कारणच पडले नसते! शिस्त तेथेही हुकुमाने आणि भाडेपट्ट्यातील अटींनीच मुरली आहे, म्हणजे ती साताऱ्याहून आलेल्यालाही साध्य आहे. शेजाऱ्याच्या अबोल्याचे म्हणाल, तर ती पाटी समोरच्या डॉक्टरीणबाईंच्या दारावरून निघून कुलकर्ण्यांच्या दारावर येते, तेव्हा ‘तुम्ही परदेशी, तुमचे राहू द्या’ असे कोणी म्हणत नाही. बरोबरीचा मान देण्याची ही तऱ्हा आपल्या आदरातिथ्याइतकी गोड नाही, पण आदरातिथ्यात माणूस पाहुणाच राहतो हे विसरता कामा नये.

रविवारच्या बंद दुकानांना चर्चची जुनी खोड म्हणून हसणाऱ्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे, की १९१९ च्या वायमार राज्यघटनेतील रविवारच्या विश्रांतीचे कलम १९४९ च्या मूलभूत कायद्यात जसेच्या तसे घेतले गेले, आणि त्याचा लाभ गल्ल्यावर बसणाऱ्या बाईला मिळतो, जी पुष्कळदा स्वतःही परदेशातूनच आलेली असते.

पूर्वपक्षाच्या दोन गोष्टी मात्र खोडता येत नाहीत. परदेशीयांच्या दप्तरात मुलाखतीची वेळ मिळण्यास कित्येकदा महिने लागतात. वेळेत अर्ज केला असेल तर निकालापर्यंत जुना परवाना चालू मानणारा तात्पुरता दाखला मिळतो खरा, पण तो हाती घेऊन मायदेशी जाऊन परत येताना पोटात गोळा उठतो, आणि हा दोष परक्याचा नव्हे, दप्तराचा आहे. दुसरी गोष्ट अधिक कडू: नियमाचे राज्य भाडेपट्ट्यावर सही झाल्यावर सुरू होते, तिच्या आधी नव्हे. अर्जावरील परके नाव वाचून घर दाखवण्याचेच टाळणारे मालक आहेत, आणि असा भेद कायद्याने निषिद्ध असला तरी तो शाबीत करणे फार कठीण. त्या उंबरठ्यावर ओळखच उपयोगी पडते. तेथे आपल्या माणसांनी आपल्या माणसांसाठी शब्द टाकावा, त्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो दार उघडल्यावरही त्याच ओळखीच्या कोंडाळ्यात बसून राहण्याला. मराठी मंडळे परमुलखात गणेशोत्सव उत्तम करतात. त्यातील एक संध्याकाळ त्यांनी जाहीर भाडेपट्टावाचनाला द्यावी, आणि वाचताना अनामतीच्या कलमावर अडखळणाऱ्याला प्रसाद शेवटी द्यावा.