विश्लेषण : परवान्याची बंदूक घरात ठेवायची कुठे?

१ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेते गोविंदा मुंबईतील घरातून विमानतळाकडे निघण्याच्या तयारीत होते. परवान्याचे रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना हातातून निसटले, गोळी सुटली आणि त्यांच्याच पायाला लागली. ना चोर, ना भांडण. शस्त्र भरलेले होते आणि निघायची घाई होती, एवढेच. घरातील बंदुकीसाठी तिजोरी घ्यायची म्हटले की डोळ्यासमोर चोर येतो. प्रत्यक्षात तिजोरीची पहिली गरज असते ती घरातल्याच माणसांसाठी.

नियम काय सांगतात?

शस्त्र नियम २०१६ नुसार परवान्यासाठी अर्ज करतानाच शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते. ही हमी बऱ्याच घरांत कशी पाळली जाते? लोखंडी कपाट, त्यात साड्यांमागे रिव्हॉल्व्हर, आणि किल्ली देवघरात किंवा पीठाच्या डब्यामागे. ती किल्ली कुठे असते हे नातवालाही ठाऊक असते. अशा कपाटाला सुरक्षित म्हणणे म्हणजे स्वतःचीच समजूत घालणे. परवाना देताना कागदपत्रांइतकीच या जागेचीही पाहणी व्हायला हवी.

अमेरिकेत २००५ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बंदूक रिकामी व कुलपात, आणि काडतुसेही वेगळी व कुलपात, अशा घरांत मुलांकडून होणारे अपघात आणि आत्महत्येचे प्रयत्न कमी आढळले. कारण समजण्यासारखे आहे. रागाचा किंवा निराशेचा झटका अनेकदा काही मिनिटांचाच असतो. दोन कुलुपे, दोन जागा आणि आपल्याकडे नसलेली एक किल्ली एवढा अडथळा त्या मिनिटांत जीव वाचवू शकतो. घरात कोणी तणावात किंवा व्यसनात असेल, तर कुलपावरही न थांबता शस्त्र काही काळ घराबाहेर जमा करावे.

तिजोरी कोणती?

२०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात. नेमबाजपटूंना वेगळी मुभा आहे. त्यामुळे परदेशी चित्रफितींत दिसणारी दहा बंदुकांची भिंतभर तिजोरी इथे सामान्य परवानाधारकाला नको. रिव्हॉल्व्हरला छोटी पेटी पुरते. बारा बोरची डबल बॅरल मात्र सुमारे चार फूट लांब. घेण्यापूर्वी तिजोरीची आतली उंची मोजावी. नळी आणि दस्ता सुटे करून ठेवता येत असतील, तर कमी उंचीची तिजोरीही चालते. काडतुसांसाठी वेगळ्या किल्लीचा खण किंवा स्वतंत्र पेटी हवीच.

कुलूप कोणते, यावर दुकानदार बोटांच्या ठशांचा आग्रह धरतात. शेतात राबणाऱ्यांनी रेशन दुकानातले यंत्र आठवावे. झिजलेल्या बोटांना तिथेही ताटकळावे लागते. आकड्यांचे कुलूप बरे, पण कंपनीने दिलेला सुरुवातीचा क्रमांक त्याच दिवशी बदलावा. जन्मतारीख आणि गाडीचा नंबर ठेवू नये. घरातली मुले आधी तेच दाबून पाहतात. बॅटरी संपल्यावर लागणारी जादा किल्ली तिजोरीच्या वर ठेवली, तर सगळाच खर्च वाया.

जागा कुठली?

हलकी पेटी चोर काखेत घालून नेतो आणि निवांत फोडतो. म्हणून वजनापेक्षा बोल्ट महत्त्वाचे. तिजोरी कोपऱ्यात, दोन बाजूंनी भिंतीला टेकून असली की पहार घालायला जागा उरत नाही. बोल्ट काँक्रीटमध्ये जावेत. पातळ विटांच्या भिंतीत ते जोर लावताच सुटतात. कोकणातल्या जांभ्याच्या जुन्या घरात आधी काँक्रीटचा छोटा ओटा करून त्यात बोल्ट बसवणे चांगले. फ्लॅटमध्ये ड्रिल लावण्यापूर्वी विजेची नळी आणि पाइप कुठून जातात ते विचारून घ्यावे.

दारातून दिसणारी बैठकीची खोली नको, मुलांची खोली तर नकोच. न्हाणीघराला लागून असलेली किंवा पावसाळ्यात ओल धरणारी भिंतही नको. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत लोखंड आठवड्यात तांबूस पडू लागते. चामड्याचे म्यान ओल धरते, म्हणून शस्त्र त्यात न ठेवता तेलाचा पातळ हात फिरवून ठेवावे. सिलिका जेलच्या पुड्या आत ठेवाव्यात आणि त्या वेळोवेळी बदलाव्यात.

पीक राखण्यासाठी ठासणीची बंदूक बाळगणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. बंदुकीची दारू जाड पोलादी तिजोरीत कोंडू नये. आग लागली तर ती तिजोरीच बॉम्ब होते. चुलीपासून आणि विजेच्या बोर्डापासून दूर, वेगळ्या कोरड्या जागी, मुलांच्या हाती लागणार नाही अशी कुलपात ती ठेवावी.

परगावी जायचे असेल तर?

लग्नासाठी महिनाभर घर बंद राहणार असेल, तर तिजोरीवर भिस्त ठेवू नये. शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करण्याबाबत आधी विचारणा करावी. निवडणुकीच्या काळात अनेकांनी हे केलेलेच असते. देताना शस्त्राचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या लिहिलेली पावती घ्यावी, आणि ती परवान्यासोबत ठेवावी, तिजोरीत नव्हे.