गस्तीच्या गाडीचा हिशेब मिनिटांत करा

मिहानला लागून असलेल्या शिवमडक्याहून समृद्धी महामार्ग सुरू होतो. मुंबईच्या दिशेने ७०१ किलोमीटर, कारला वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर. या वेगाने गाडी सेकंदाला ३३ मीटर धावते. पुढे बंद पडलेला ट्रक दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला, तरी पन्नास मीटर अंतर संपलेले असते.

१५ ऑक्टोबर २०२३च्या मध्यरात्रीनंतर वैजापूरजवळ मिनीबस थांबलेल्या ट्रकवर मागून आदळली आणि १२ जणांचा जीव गेला. द्रुतगती मार्गावर उभे वाहन हाच धोका असतो. पंक्चर काढणे, डिझेल देणे ही गस्तीची दुय्यम कामे. मागून येणाऱ्यांना सावध करणे आणि वाहन लवकर हटवणे हे तिचे पहिले काम.

हे स्वस्तात होत नाही. गाडी, इंधन, तीन पाळ्यांची माणसे आणि त्या माणसांच्या जिवाची जोखीम. समजा, एका गाडीकडे ५० किलोमीटरचा पट्टा दिला. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाऊन-येऊन १०० किलोमीटरची फेरी सव्वा तासाची होते. कोणी फोन केला नाही, तर अडलेल्याला सरासरी ३५-४० मिनिटे वाट पाहावी लागेल. ही वेळ निम्मी करायची तर गाड्या दुप्पट लागतील. त्यापेक्षा कॅमेऱ्याने उभे वाहन टिपून जवळची गाडी धाडणे परवडते.

गस्त म्हणजे रुग्णवाहिका नव्हे. १०८ची सेवा आणि मिहानमधील एम्ससारखी रुग्णालये यांची जागा ती घेऊ शकत नाही. पण मोठी रक्तवाहिनी फाटली तर माणूस काही मिनिटांत दगावतो. तेव्हा जखमेवर घट्ट दाब देणारा, मान न हलवता जखमीला सांभाळणारा प्रशिक्षित हात आधी पोहोचला, तर पुढच्या उपचारांना अर्थ उरतो.

म्हणून गस्तीचा खर्च टोलमधून जरूर व्हावा, पण किती गाड्या घेतल्या यावर समाधान मानू नये. वाहन किती मिनिटे उभे होते आणि मदत किती मिनिटांत आली, हे आकडे दरमहा जाहीर व्हावेत. टळलेल्या अपघाताची बातमी होत नाही. त्याचा पुरावा या आकड्यांतच सापडेल.

तोवर प्रवाशांनीही एक पथ्य पाळावे. गाडी बंद पडली की तिच्यात बसून राहू नये. धोक्याचे दिवे लावावेत, सर्वांनी कठड्यापलीकडे जावे आणि मगच फोन करावा.