मंडईत भाजीच विकली जाऊ द्या

मा. आयुक्त,
पुणे महानगरपालिका यांस,



सप्टेंबर २०२४ मध्ये मंडईचे भुयारी मेट्रो स्थानक सुरू झाले आणि वर्षानुवर्षे गाडी लावायला जागा नाही म्हणून इकडे फिरकायचे सोडून दिलेली माणसे पुन्हा येऊ लागली. याचा मनापासून आनंद आहे. पण जिथे माणसे येतात तिथे जागेचे मोल वाढते आणि मोल वाढले की जुन्या इमारतीचे ‘काहीतरी करू या’ असे म्हणणारेही पुढे येतात. त्यांचे प्रस्ताव आपल्या टेबलावर येण्याआधी एक विनंती पोचावी, म्हणून हे पत्र. महात्मा फुले मंडईची दुरुस्ती करा, तिला झळाळी द्या, मात्र तिच्या गाळ्यांवरून किरकोळ भाजी हलवू नका.

ही इमारत झाली त्याआधी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या मैदानात, उघड्यावर भरत असे. ५ ऑक्टोबर १८८६ रोजी नव्या मंडईचे उद्घाटन झाले. तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला मिळाले आणि लोक ‘रे मार्केट’ म्हणू लागले. सुमारे तीन लाख रुपये लागले. त्या काळातल्या नगरपालिकेसाठी ही रक्कम डोळे विस्फारायला लावणारी होती. वासुदेव बापूजी कानिटकर यांनी बांधकाम केले. मधोमध सुमारे ऐंशी फुटी अष्टकोनी मनोरा आणि त्याच्यापासून चहूबाजूंना फुटलेल्या लांबलचक दगडी ओवऱ्या, असा तिचा घाट आहे.

इमारतीचे छायाचित्र काढणारे बहुधा मनोऱ्याकडेच बघतात. मला तिची खरी हुशारी खाली दिसते. सकाळी आत शिरा आणि मेथीच्या जुडीवर हात ठेवून बघा. बाहेर रस्त्यावर ऊन तापलेले असते, तरी आत पालेभाजीने मान टाकलेली नसते. जाड दगडी भिंती ऊन अडवतात, उंच उतरत्या छपराखाली गरम हवा वर जाते, कमानींतून वारा खेळतो. गाळा जमिनीपासून चांगला उंच. विक्रेती मावशी वर बसते. तिच्याभोवती चढत्या ओळींनी वांगी, गवार, तोंडली, दुधी रचलेले असतात. गिऱ्हाईक खाली उभे राहते आणि वजन करून झालेली भाजी वरून थेट त्याच्या पिशवीत पडते. वाकावे लागत नाही, भाजी पायाखाली येत नाही, आणि संपूर्ण माल एका नजरेत दिसतो. मधल्या मनोऱ्याखाली उभे राहिले की कोणती ओवरी कुठे जाते ते कुणाला विचारावे लागत नाही. भाजी कशी नेतात, कशी मांडतात, कशी टिकते, याचा विचार करून बांधलेली ही वास्तू आहे. तिच्यातून भाजी काढली तर या उंचीला, या कमानींना, या ओट्यांना काही कारणच उरत नाही.

काळाप्रमाणे तिच्यात बदल झाले नाहीत असे नाही. औद्योगिक वस्तूंचे संग्रहालय एके काळी इथेच होते. पुढे ते घोले रस्त्यावर गेले. घाऊक व्यापार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला आणि मंडईवरचा ट्रकांचा भार हलका झाला. दोन्ही बदल योग्यच होते. मंडईच्या आवारात लोकमान्य टिळकांचा पुतळा १९२४ साली मोतीलाल नेहरूंच्या हस्ते बसला. त्याच्याभोवतीच्या कट्ट्यांवर रात्र-रात्र राजकारणाच्या चर्चा झडत. काकासाहेब गाडगीळांसारखे नेते तिथे रमत आणि ‘मंडई विद्यापीठ’ हे नाव महाराष्ट्रभर गेले. ते विद्यापीठ चालले, कारण पहाटे माल उतरवणारा हमाल आणि संध्याकाळी पिशवी घेऊन आलेला वकील एकाच जागी भेटत. बाजार नसता तर ती भेट झाली नसती.

फुल्यांचा उल्लेख इथे केलाच पाहिजे. १८७६ ते १८८२ या काळात जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद होते आणि मंडईवर एवढा खर्च करण्याला त्यांचा विरोध होता. तो पैसा शिक्षणासाठी वापरावा असे त्यांचे म्हणणे होते. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना याच इमारतीला महात्मा फुल्यांचे नाव देण्यात आले. मला वाटते, हे नाव म्हणजे पालिकेने स्वतःवर घातलेली एक अट आहे. लोकांच्या पैशाने जे उभे राहिले, ते कष्टकऱ्यांच्या कामी यावे. टोपलीभर कोथिंबीर विकून मुलांच्या फिया भरणारी बाई जोवर या गाळ्यावर बसलेली आहे, तोवर ती अट पाळली जाते आहे.

लंडनच्या कॉव्हेंट गार्डनचा भाजीबाजार १९७४ साली दुसऱ्या जागी हलवला आणि काही वर्षांत त्या सुंदर इमारतीत दुकाने आणि उपाहारगृहे आली. इमारत वाचली, पर्यटक खूश आहेत. पण तिथे आज घरची भाजी घ्यायला कुणी जात नाही. आपल्याला इतके लांबही जायला नको. मंडईशेजारचे आर्यन, पुण्याचे पहिले सिनेमागृह, गेले आणि त्या जागी वाहनतळ झाला. वाहनतळ हवाच होता, हे मान्य. तरी त्या भागाने काय गमावले, ते जुन्या पुणेकराला विचारावे.

म्हणून माझे मागणे असे. मंडईच्या संवर्धनाचा आराखडा कराल तेव्हा दगड, मनोरा आणि छप्पर यांच्या बरोबरीने ‘तळमजल्यावर किरकोळ भाजी-फळ विक्री’ ही गोष्टही जतन करायची बाब म्हणून त्यात लिहा. एकदा ते कागदावर आले की पुढच्या कुठल्याही ठरावाने ते सहज पुसता येणार नाही. दगडाच्या सांध्यांत सिमेंट भरण्याचा सोपा मार्ग टाळा. जुना चुन्याचा सांधा ओल सोडतो, सिमेंट ती आत कोंडते आणि दगडच खपलीने सुटू लागतो. कमानींवरून लोंबणाऱ्या वायरी आणि फ्लेक्स काढा. इतक्या जुन्या वास्तूत आगीची भीती सर्वांत आधी विजेच्या जोडण्यांतूनच येते. ओला कचरा आवारातच जिरवायची सोय करा. मेट्रोतून येणाऱ्याला भाजीची पिशवी घेऊन पुन्हा स्थानकात जाता येईल, असा मोकळा, सावलीचा रस्ता ठेवा आणि त्यावर अतिक्रमण होऊ देऊ नका. हातगाड्या व टेम्पोंच्या माल उतरवण्याच्या वेळा ठरवताना त्यांना पहाट द्या. दुपारी बारानंतर आलेली पालेभाजी कुणी घेत नाही.

आणि गाळेभाड्याचा प्रश्न. वारसा इमारत म्हणून दुरुस्तीचा खर्च मोठा येणार, हे उघड आहे. तो खर्च भाड्यातून वसूल करायचा ठरवलात तर भाजीवाले आपोआप बाहेर पडतील आणि त्यांच्या जागी महागड्या वस्तूंचे गाळे येतील. कुणी हाकलले असे दिसणारही नाही. हा खर्च पालिकेने वारसा म्हणूनच उचलावा.

शेवटी एकच विनंती. आराखड्याच्या निविदा निघण्याआधी मंडईतल्या गाळेधारकांची बैठक मंडईतच बोलवा, आणि आपण स्वतः त्या बैठकीला या. सकाळी दहापर्यंत पहिली विक्री आटोपलेली असते. ती वेळ त्यांना सोयीची पडेल.

आपला,
मंडईतून भाजी नेणारा एक पुणेकर