डोळा, देह आणि जुनें भय

'घाव मनाला लागला, मग उपचार डोळ्यांच्या वाटेनें कां?' असा प्रश्न एका वाचक भगिनींनीं विचारला आहे. त्यांच्या भाचीनें अशा एका चिकित्सेचें नांव कोठेंतरी ऐकलें. घरांतील वडील मंडळींनीं तें हंसण्यावारी नेलें. आणि या सदरांतून कांहीं खुलासा व्हावा अशी त्यांची इच्छा आहे. प्रश्न चांगला आहे, आणि वाटतो तितका विचित्रही नाहीं.

ज्यांनीं वर्गांत चार वर्षें काढलीं आहेत त्यांस एक गोष्ट ठाऊक असते. मुलास उभें करून शब्दरूप विचारावें, तर तो आधीं वर आढ्याकडे पाहतो. 'माझ्याकडे पाहून सांग' म्हटलें कीं येत असलेलें रूपही जिभेवरून पळतें. आढ्यावर षष्ठीचें बहुवचन लिहिलेलें नसतें. पण आठवण आणि नजर यांची कोठेंतरी गांठ आहे, एवढें त्यावरून कळतें. याच गांठीवर ही चिकित्सा उभी आहे.

अमेरिकेंतील फ्रॅन्सिन शपिरो नांवाच्या बाईंस १९८७ सालीं एका उद्यानांत फिरत असतां असें जाणवलें कीं, डोळे इकडून तिकडे हलत असले म्हणजे मनांत सलणारे विचार बोथट होतात. त्यावरून त्यांनीं जी पद्धति बसविली ती ईएमडीआर. तिच्यांत रुग्णानें दुःखद प्रसंग मनांत धरून चिकित्सकाच्या हलत्या बोटांबरोबर नजर डावी-उजवी फिरवावयाची असते. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१३ सालच्या आपल्या मार्गदर्शनांत आघातोत्तर विकारासाठीं तिची शिफारस केली, तेव्हां ती केवळ हौशी लोकांची गोष्ट राहिली नाहीं. न्यूयॉर्ककडील डेव्हिड ग्रँड हे गृहस्थ याच पद्धतीचे अनुयायी. २००३ सालीं ते बर्फावर नृत्य करणाऱ्या एका तरुण खेळाडू मुलीवर उपचार करीत होते. एक विशिष्ट गिरकी तिला कांहीं केल्या साधेना. बोटें फिरवितां फिरवितां एका ठिकाणीं तिचे डोळे थरथरले आणि जणूं तेथेंच अडकले. ग्रँड यांनीं हात पुढें नेला नाहीं. होता तेथेंच धरून ठेवला. सुमारें दहा मिनिटें त्या मुलीच्या मनांतून जुन्या गोष्टी एकामागून एक निघत राहिल्या, आणि पुढें तिला ती गिरकी साधली. यावरून त्यांनीं जी निराळी शाखा काढली तिला ब्रेनस्पॉटिंग असें नांव आहे. पहिलींत डोळे हलतात, दुसरींत ते थांबतात, असा ढोबळ भेद लक्षांत ठेवावा.

बैठकीचा प्रकार साधा आहे. चिकित्सक समोर बसतात. हातांत एक लांब दांडी असते, नकाशा दाखविण्यास आम्ही वापरीत असूं तशी. ज्या गोष्टीचा त्रास होतो ती मनांत आणावयास सांगतात. ती सविस्तर सांगितलीच पाहिजे असें नाहीं. त्रास किती, हें शून्य ते दहा यांतील आंकड्यानें सांगावयाचें, आणि तो शरीरांत कोठें जाणवतो तें पाहावयाचें: छातींत, घशांत, पोटांत, कीं पायांत. मग दांडीचें टोंक डोळ्यांच्या उंचीवर एका बाजूकडून दुसरीकडे, आणि पुढें वर-खालीं, सावकाश नेतात. एखाद्या ठिकाणीं पापणी फडफडते, आवंढा गिळला जातो, उसासा येतो. किंवा रुग्णच सांगतो कीं, येथें पाहिलें म्हणजे घशांतील गोळा वाढतो. तें स्थान सांपडलें कीं दांडी तेथें स्थिर धरावयाची, आणि रुग्णानें तिकडे पाहत शरीरांत काय काय चालतें तें नुसतें न्याहाळावयाचें. कित्येकदां कानांत हळू आवाजांत संगीत लावतात. तें डाव्या कानाकडून उजव्या कानाकडे जातें व परत येतें. चिकित्सक फार बोलत नाहींत. उपदेश नाहीं, समजूत घालणें नाहीं. (आमच्या पेशाच्या माणसास हें सर्वांत कठीण जाईल!) त्रास असह्य होऊं लागला तर उलट मार्गही आहे: शरीराचा जो भाग स्वस्थ वाटतो त्याच्याशीं जुळणारें नजरेचें स्थान शोधून तेथें विसांवा घ्यावयाचा.

आतां पुण्यांतलेंच उदाहरण घेऊं. जुनें भय म्हटलें कीं येथील सत्तरी ओलांडलेल्या माणसांस एक तारीख आठवते: १२ जुलै १९६१, बुधवार. त्या दिवशीं सकाळीं पानशेतचें नवें मातीचें धरण फुटलें. त्या लोंढ्यानें खालचें खडकवासल्याचें जुनें दगडी धरणही गेलें. आणि मुठेचें पाणी नारायण, शनिवार, कसबा या पेठांतील वाड्यावाड्यांत शिरलें. हजारों कुटुंबें उघड्यावर पडलीं. गोखलेनगर, सहकारनगर या भागांतील पूरग्रस्तांच्या वसाहती हें त्या दिवसाचेंच चिन्ह आहे. छप्पर पुन्हां मिळालें, भांडीकुंडी आलीं. मनाचा पंचनामा मात्र त्या काळीं कोणी केला नाहीं.

माझ्या एका स्नेह्यांच्या वहिनी त्या वेळीं नऊ वर्षांच्या होत्या. त्यांची हकीगत त्यांच्या परवानगीनें लिहितों. माहेर नारायण पेठेंतल्या वाड्यांत. पाणी अंगणांत आलें तेव्हां सर्व मंडळी माडीवर चढली. वडील मात्र गोठ्यांतील गाय सोडण्यास पुन्हां खालीं उतरले. धाकट्या भावाचा हात धरून वहिनी जिन्याच्या तोंडाशीं उभ्या राहिल्या, आणि एकेक पायरी पाण्याखालीं जातांना त्यांनीं पाहिली. वडील बऱ्याच वेळानें शेजारच्या भिंतीवरून सुखरूप आले. घरांतील एकही माणूस दगावलें नाहीं. पुढें जन्मभर वहिनींस हेंच ऐकावें लागलें: 'सगळे वांचलांत ना? मग भ्यायचें काय?' मुलांचें संगोपन, सासूबाईंचें दुखणें, सर्व त्यांनीं धीरानें केलें; पण खडकवासल्यांतून पाणी सोडल्याची आणि भिडे पूल पाण्याखालीं गेल्याची बातमी आली कीं त्यांचें जेवण तुटे, आणि रात्रभर त्या जिन्याशीं दिवा लावून जागत. आपण तिसऱ्या मजल्यावर राहतों हें त्यांस कळत नव्हतें असें नाहीं. २५ जुलै २०२४ रोजीं सिंहगड रस्त्यावरील एकतानगरींत घरांतून पाणी शिरलें, त्या दिवशीं तर त्यांचे पाय कांपूं लागले ते संध्याकाळपर्यंत थांबेनात.

त्या ही गोष्ट सांगत तेव्हां मीं पाहिलें आहे. गाय, भाऊ, वाडा, सर्व सांगून होई. जिन्यापाशीं आल्या कीं नजर डाव्या बाजूस खालीं जाई, हात गळ्याशीं येई आणि वाक्य अर्धें राही. उपचारांची गोष्ट निघाली तेव्हां घरांत वाद झाला. दीर, म्हणजे माझे स्नेही, म्हणाले, 'वहिनी, या वयांत जुनें कशाला उकरायचें?' नात मानसशास्त्र शिकते. ती म्हणाली, 'आजी दर पावसाळ्यांत तें उकरतेच आहे, फक्त एकटी.' निकाल वहिनींनींच दिला, आणि त्या एका प्रशिक्षित मानसोपचारक बाईंकडे जाऊं लागल्या. दांडीचें टोंक डाव्या बाजूस खालीं आलें तेव्हां घसा आवळला. त्या पाहत राहिल्या. भिजलेल्या चुन्याच्या भिंतीचा वास आला, असें म्हणाल्या. मग पोटऱ्या थरथरूं लागल्या. त्या दिवशीं नऊ वर्षांच्या मुलीस जें पळावयाचें होतें तें पळणें जणूं पायांत तसेंच राहून गेलें होतें. सहा बैठका झाल्या. त्यानंतर पाणी सोडल्याची बातमी लागली तेव्हां त्या ताटावरून उठल्या नाहींत. नदी पाहण्यास मात्र अजून जात नाहींत. आणि जावेंच असें कोणी म्हणूंही नये.

संस्कृत वाचलेल्यांस येथें भरताचें नाट्यशास्त्र आठवेल. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथु, वैवर्ण्य, अश्रु आणि प्रलय हे आठ सात्त्विक भाव त्यानें सांगितले आहेत, आणि नजरेचे तर छत्तीस प्रकार मोजले आहेत. वहिनींचा कंप म्हणजे वेपथु, अर्धें राहिलेलें वाक्य म्हणजे स्वरभेद. भाव देहांत उतरतो हें त्या ग्रंथकारास पक्कें ठाऊक होतें. परंतु तेवढ्यावरून 'हें सर्व आमच्याकडे पूर्वींच होतें' असें म्हणण्यास जे सिद्ध होतील, त्यांस हात जोडून सांगणें आहे कीं, भरतानें नट घडविला, रोगी बरा केला नाहीं. तीच गोष्ट घेरंडसंहितेंतील त्राटकाची. डोळ्यांत पाणी येईपर्यंत एका सूक्ष्म लक्ष्याकडे पाहणें ही शुद्धिक्रिया आहे. तिचा हेतु निराळा आणि ही चिकित्सा निराळी.

नजरेनें हें घडतें कसें? ग्रँड आणि स्कॉटलंडांतील मनोरोगतज्ज्ञ फ्रँक कॉरिगन यांनीं २०१३ सालीं एक उपपत्ति मांडली. मध्यमेंदूंत सुपीरियर कॉलिक्युलस नांवाची एक रचना आहे. मागें भांडें पडलें कीं काय पडलें हें कळण्याआधींच मान आणि डोळे तिकडे वळतात, तें हिचें काम. पळावें, लढावें कीं थिजून राहावें याचीं सूत्रें हलविणारा भाग तिच्या निकटच आहे. भयाच्या क्षणीं नजर, मान आणि स्नायु यांची जी एक जुळणी होते, ती त्याच नजरेच्या स्थानावरून पुन्हां जागी करतां येते आणि सुरक्षित जागीं बसून शांत होऊं देतां येते, असें त्यांचें म्हणणें. हें अनुमान आहे, सिद्धान्त नव्हे. पुराव्याचें म्हणाल, तर ईएमडीआरच्या मागें अनेक नियंत्रित प्रयोग आहेत. ब्रेनस्पॉटिंगच्या मागें थोडे आणि लहान. २०१७ सालच्या एका तुलनेंत दोहोंनींही गुण आल्याचें दिसलें. परंतु तिच्या लेखकांत ग्रँड स्वतःच आहेत, हें ध्यानांत धरून ती वाचावी. शिवाय, समोरचें माणूस तासभर निमूटपणें आपल्याकडे लक्ष देऊन बसतें, यांतही थोडें औषध असतेंच. भरल्या घरांत असा तास किती जणांच्या वांट्यास येतो?

म्हणून पत्रलेखिका भगिनींस इतकेंच सुचवितों. भाचीस उपचार घ्यावयाचे असतील तर आधीं मनोरोगतज्ज्ञांस, किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद असलेल्या चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांस दाखवावें. ससून रुग्णालयाच्या आवारांत महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था आहे. आणि १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर मराठींतून बोलून प्राथमिक सल्ला विनामूल्य मिळतो. ब्रेनस्पॉटिंग करणाऱ्यास त्याचें मूळ शिक्षण काय आणि या पद्धतीचें प्रशिक्षण कोठें झालें, हें उघड विचारावें. एका बैठकींत बरें करतों म्हणणाऱ्याच्या दारांतून परत यावें. चालू असलेलीं औषधें डॉक्टरांस न विचारतां सोडूं नयेत. आणि हें वाचून कोणीं घरीं पेन्सिल धरून सुनेवर वा नातवावर प्रयोग करूं नये. दडलेलें भय वर काढणें सोपें आहे; तें वर आल्यावर माणसास सांभाळणें हें शिकलेल्या माणसाचेंच काम आहे.

घरच्यांनीं काय करावें, हेंही त्यांनीं विचारलें आहे. वहिनींच्या बरोबर त्यांची नात जात असे. ती बाहेरच्या खोलींत पुस्तक वाचीत बसे, आणि परत येतांना आंत काय झालें हें विचारीत नसे. वहिनींस वाटे त्या दिवशीं त्या आपण होऊन सांगत. नाहींतर दोघी मंडईंतून भाजी घेऊन घरीं येत.